घरातले उंदीर आणि पिसवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंदीर दिसला की बहुतेक घरांत पहिली धाव विषाच्या पुडीकडे जाते. आजार टाळायचा असेल, तर हीच धाव सगळ्यात धोक्याची ठरू शकते. आधी उंदरांचं खाणं तोडायचं, मग पिसवांचा बंदोबस्त करायचा, त्यानंतर उंदीर पकडायचे आणि वाटा बुजवायच्या, आणि शेवटी ओली सफाई करायची. हा क्रम उलटा केला तर काय होतं, हे खालच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल. तो पक्का लक्षात राहावा म्हणून मुद्दामच तसं लिहिलं आहे.

घरात एकच उंदीर दिसला. एवढं मनावर घ्यायला हवं का?

हो. उंदीर रात्री फिरतो आणि माणसाची चाहूल लागताच दडतो. त्यामुळे एक दिसला, तर न दिसलेले आणखी असण्याचीच शक्यता जास्त. घरात राहणाऱ्या लहान उंदराची मादी गाभण राहिल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेतात साधारण ५-६ पिल्लं होतात, आणि ती सहा ते आठ आठवड्यांत स्वतः प्रजननाला तयार होतात. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्या घरात पुढच्या महिन्यात अख्खं कुटुंब नांदत असतं.

खात्री करायची असेल तर रात्री भिंतीलगत टाल्कम पावडरचा पातळ थर पसरून ठेवा. सकाळी त्यावर पावलांचे आणि शेपटीचे ठसे उमटलेले दिसतात. लेंड्याही बरंच सांगतात: ताज्या लेंड्या मऊ, काळ्या आणि चकचकीत असतात, जुन्या राखाडी पडतात आणि काडीने दाबल्या की भुगा होतो. भिंतीच्या कडेला तेलकट काळपट पट्टा दिसला, तर ती त्यांची रोजची वाट आहे.

कोणता उंदीर आहे हे ओळखून काय उपयोग?

शोधायचं कुठे, ते कळतं. लहान घरगुती उंदीर जेमतेम १५-२० ग्रॅमचा असतो, लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी आणि टोकदार. तो कपाटात, माळ्यावर, गॅसच्या शेगडीमागे, अगदी फ्रीजच्या मोटारीजवळच्या उबेत राहतो आणि घरट्यापासून फार लांब जात नाही. काळ्या उंदराची शेपटी अंगापेक्षा लांब असते. तो चढण्यात पटाईत, म्हणून छपरात, पाइपांवर आणि वायरींवर त्याला शोधायचं. तपकिरी उंदीर जाडजूड, शेपटी अंगापेक्षा आखूड, लेंडी जवळपास २ सेंटिमीटर आणि बोथट. तो गटारात आणि जमिनीतल्या बिळात राहतो. घूसही बीळ करणारीच, आणि तिने उकरलेल्या मातीचा ढीग सहज दिसतो.

लांब, निमुळत्या तोंडाची, चिकचिक आवाज करणारी आणि उग्र वासाची चिचुंद्री मात्र उंदरांच्या कुळातली नाही. ती मुख्यतः किडे खाते. तरीही तिच्या अंगावर पिसवा असू शकतात, तेव्हा तिलाही हाताने धरायचं नाही.

उंदरांमुळे नेमके कोणते आजार होतात?

आजारांची यादी पाठ करण्यापेक्षा ते कोणत्या वाटेने येतात ते समजून घ्या. वाट कळली की काय टाळायचं ते आपोआप कळतं.

पहिली वाट मूत्राची. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, हा याच वाटेने येणारा आजार. उंदराच्या मूत्रपिंडात हे जिवाणू राहतात, उंदीर स्वतः आजारी दिसत नाही, पण मूत्रावाटे ते सतत बाहेर टाकत राहतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे टिकतात. पायाला जखम, भेग किंवा खरचटलेलं असताना अशा पाण्यातून चाललात, की ते शरीरात शिरतात. डोळ्यांच्या आणि तोंडाच्या नाजूक त्वचेतूनही शिरतात.

दुसरी वाट श्वासाची. वाळलेल्या लेंड्या, मूत्राचे डाग, घरट्याचा कचरा झाडला की धूळ उडते, आणि त्या धुळीतून हंताव्हायरससारखे विषाणू फुप्फुसात जातात. घरगुती लहान उंदरापासून होणाऱ्या एका विषाणूसंसर्गाचं नाव लिम्फोसायटिक कोरिओमेनिन्जायटिस असं लांबलचक आहे. निरोगी माणसात तो बऱ्याचदा फ्लूसारखा येऊन जातो, पण गरोदरपणात झाला तर गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा करू शकतो. म्हणून गरोदर बाईने उंदरांची घाण साफ करायची नाही. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावं.

तिसरी वाट अन्नाची. उंदीर ओट्यावरून आणि भांड्यांवरून फिरतो तेव्हा त्याच्या विष्ठेतले साल्मोनेलासारखे जिवाणू जेवणात उतरतात. चौथी वाट चाव्याची, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पाचवी वाट पिसवांची: प्लेग आणि म्युरिन टायफस, म्हणजे उंदरांच्या पिसवांमुळे होणारा पुरळाचा ताप. या वाटेवर उंदीर माणसाला शिवतसुद्धा नाही.

पिसू कशी ओळखायची? ऊ, ढेकूण की गोचीड, काही कळत नाही.

पिसू दीड ते तीन मिलिमीटरची, गडद तपकिरी, बिनपंखी आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. तिची खूण म्हणजे उडी. ऊ आणि ढेकूण उड्या मारत नाहीत, आणि गोचीड कातडीला चिकटून फुगत जाते. पिसवांचे चावे बहुधा घोट्याजवळ आणि पोटरीवर, दोन-तीनच्या पुंजक्यांत असतात. ढेकूण झोपेत उघड्या राहिलेल्या अंगावर कुठेही चावतो, हात आणि मानही सोडत नाही.

पिसवा आहेत की नाहीत याची खात्री करायला पांढरे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून संशयित खोलीत दहा मिनिटं फिरा. पिसवा असतील तर मोज्यांवर काळे ठिपके उडताना दिसतील. पाळीव प्राण्याच्या केसांत काळी भुकटी दिसली, तर ती ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती लालसर डाग पसरला, तर ती साधी माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त.

उंदराची पिसू माणसाला का चावते?

कारण तिचा उंदीर मेलेला असतो. पिसू गरम रक्तावर जगते. उंदीर मेला आणि त्याचं अंग थंड पडू लागलं, की पिसवा ते अंग सोडतात आणि जवळ जे ऊबदार शरीर मिळेल त्यावर चढतात. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक. नाही मिळाला, तर मांजर, कुत्रा किंवा माणूस.

हे कळायला फार वेळ लागला. १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन यांना हाँगकाँगमध्ये प्लेगचा जिवाणू सापडला, मेलेल्या उंदरांतही तो सापडला, पण तो उंदरातून माणसात जातो कसा, हे कोडंच होतं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर एका भांड्यात ठेवला आणि निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात, आजारी उंदराला स्पर्श होणार नाही असा टांगला. आजारी उंदीर मेला, आणि काही दिवसांनी स्पर्शही न झालेला निरोगी उंदीर प्लेगने दगावला. दोघांमध्ये ये-जा करू शकणाऱ्या फक्त पिसवा होत्या. सिमों यांचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९०५ नंतर प्लेगचा अभ्यास करणाऱ्या प्लेग कमिशनने मुंबईत प्लेगच्या घरांमध्ये गिनीपिग ठेवून तेच पडताळलं: जमिनीलगत मोकळे ठेवलेले गिनीपिग मेले, पिसवांना शिरता येणार नाही अशा बारीक जाळीत ठेवलेले वाचले.

प्लेगचा जिवाणू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी चिकट थर धरून वाट अडवतो. रक्त पोटात उतरत नाही, पिसू उपाशीच राहते, भुकेने पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्याबरोबर अडलेलं जिवाणूभरलं रक्त चाव्यात ओकते. म्युरिन टायफसचं तंत्र वेगळं. त्याचे जंतू पिसवेच्या विष्ठेत असतात. चावलेली जागा आपण खाजवतो, आणि खाजवताना ती विष्ठा आपल्याच नखांनी जखमेत चोळतो. म्हणून चावा खाजवायचा नाही, साबणाने धुवायचा. मुलांची नखं कापलेली असू द्या.

मग आधी उंदीर मारायचे की पिसवा?

आधी पिसवा. निदान दोन्ही एकाच वेळी. फक्त उंदीर मारणं, तेही विषाने आणि एका दमात, म्हणजे सगळ्या पिसवांना एका रात्रीत बेघर करून माणसांवर सोडणं. परिसरात प्लेगचा किंवा टायफसचा संशय असेल तेव्हा तर हा नियम मोडायचाच नाही: पिसवांवर उपचार होईपर्यंत उंदीर मारणं थांबवायचं. सापळा आणून ठेवलेला असेल तर दोन दिवस तसाच राहू द्या, काही बिघडत नाही.

खाण्याचे डबे बंद करणं आणि कचरा झाकणं मात्र आजच सुरू करा. त्याने उंदीर लगेच मरत नाही, पण त्याला सापळ्यातल्या आमिषाची भूक लागते.

पिसवांचा बंदोबस्त नेमका कसा करायचा?

घरातल्या पिसवांपैकी डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण वाढलेल्या पिसवा अगदी थोड्या असतात, ढोबळ अंदाज साधारण ५ टक्के. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात गालिच्यात, फरशीच्या फटींत, गादीखाली, प्राण्याच्या अंथरुणात आणि उंदराच्या घरट्यात असतं. मांजरा-कुत्र्यांवरच्या पिसवेची मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. अंडी गुळगुळीत असतात, केसांत टिकत नाहीत, प्राणी जिथे बसतो-झोपतो तिथे गळून पडतात. अळ्या उजेडापासून दूर पळतात आणि मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढतात. म्हणून नुसती दिसेल ती पिसू चिरडून काही होत नाही.

चादरी, अभ्रे, प्राण्याचं अंथरूण, पायपुसणी आठवड्यातून एकदा तरी खूप गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. अळ्यांना ओलावा लागतो, कोरडी हवा आणि ऊन त्या सोसू शकत नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर गालिचा, सोफ्याच्या फटी, पलंगाखालची जागा आणि भिंतीच्या कडा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज ओढा, आणि पिशवी लगेच घराबाहेर बांधून टाका. व्हॅक्यूम नसेल तर गाद्या-गालिचे बाहेर नेऊन झटका, फरशी साबणाच्या पाण्याने पुसा, फटींमधून घासून काढा. मात्र उंदरांच्या लेंड्या असलेल्या जागी व्हॅक्यूम आणि झटकणं दोन्ही बंद. तिथली सफाई वेगळी, ती पुढे दिली आहे.

कीटकनाशक वापरायचं तर दोन कामं करणारं निवडा: मोठ्या पिसवा मारणारं औषध, आणि अंडी-अळ्यांची वाढ रोखणारं मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेनसारखं. उंदरांच्या पिसवा घरट्यात आणि बिळातच जास्त वेळ काढतात. म्हणून उंदरांची वाट आणि बिळाचं तोंड या ठिकाणी पिसवांसाठी मान्यता असलेली पावडर टाकली, की उंदीरच ती अंगावर घेऊन घरट्यापर्यंत पोचवतो. लेबलावर लिहिलेल्या जागीच, लिहिलेल्या मात्रेतच वापरा. पिकांवर फवारायचं औषध घरात फवारू नका. जास्त जहाल म्हणजे जास्त गुणकारी, हा समज घातक आहे.

फवारणी केली, पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा. औषध भेसळीचं होतं का?

बहुधा नाही. कोषातली पिसू रेशमी आवरणात बंद असते, त्या आवरणाला धूळ चिकटलेली असते, आणि औषध आत पोचत नाही. ती तिथे आठवडे, प्रतिकूल हवेत महिनेसुद्धा वाट बघू शकते. पावलांचा हादरा, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. बंद पडलेलं घर उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी पायांवर पिसवांची झुंबड उडते ती याचमुळे. मधले दोन-चार आठवडे पिसवा दिसत राहणं अपेक्षित आहे. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने त्या लवकर बाहेर येतात आणि फवारलेल्या जमिनीवर मरतात, म्हणून या काळात सफाई थांबवू नका. गरज असेल तर लेबलावर सांगितलेल्या अंतराने दुसरी फवारणी करा.

घरात कुत्रा-मांजर आहे. त्यांचं काय करायचं?

घर आणि प्राणी, दोघांवर एकाच आठवड्यात उपचार. एकाला सोडलं तर दुसऱ्यावरचा खर्च वाया. बारीक दातांच्या फणीने रोज विंचरा आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. साबणाने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि पिसवा बुडतात, साध्या पाण्यात त्या तरंगत राहतात. मानेवर टाकायचं किंवा पोटात द्यायचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच घ्या.

कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही. झटके येतात आणि मांजर मरू शकतं. असं औषध लावलेल्या कुत्र्याच्या अंगाला अंग घासून झोपणाऱ्या मांजरालाही धोका असतो.

आणि एक, जे फारसं कुणी सांगत नाही: कुत्रा-मांजराच्या पिसवेत एका फितीच्या जंताची अळी असू शकते. लहान मूल खेळताना चुकून अशी पिसू गिळलं, तर तो जंत मुलाच्या पोटात वाढतो.

मांजर पाळलं की उंदीर जातील ना?

मला हा सल्ला आवडत नाही. मांजर काही उंदीर पकडतं, लहान उंदरांना थोडा धाकही बसतो. पण खाणं आणि आसरा शाबूत असेल तर उंदीर मांजराच्या वेळा आणि वाटा चुकवून राहतात, आणि मोठ्या तपकिरी उंदराच्या वाटेला बरीच मांजरं जात नाहीत. उलट शिकार करणारं मांजर उंदरांच्या पिसवा आपल्या अंगावरून थेट तुमच्या पलंगावर आणतं. प्लेगच्या भागात मांजरांना स्वतःला प्लेग होतो आणि त्यांच्यापासून माणसांनाही झालेला आहे. मांजर आवडतं म्हणून पाळा, उंदरांवरचं औषध म्हणून नको.

उंदीर घरात येऊच नयेत म्हणून काय करायचं?

माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घालावा. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल सहज जाईल एवढी. मोठ्या उंदराला १२ मिलिमीटर. पाइप भिंतीत शिरतो तिथली गोल फट, दाराखालची फट, एसीच्या नळीचं भोक, न्हाणीघराच्या मोरीची तुटलेली जाळी, खिडकीच्या कोपऱ्यातली फाटलेली जाळी, माळ्यावरची छपराची कड. दिवसा खोलीत अंधार करून बाहेरचा उजेड कुठून आत येतो ते बघा, निम्म्या फटी तिथेच सापडतील.

बुजवताना उंदराचे दात लक्षात ठेवा. ते आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो सतत कुरतडतो. कापड, लाकूड, प्लास्टिक, थर्माकोल, नुसता फोम, सगळं तो पोखरतो. छोट्या फटींत स्टीलचा काथ्या गच्च भरून वर सिमेंट, मोठ्या भोकांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची धातूची जाळी, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी. बीळ वापरात आहे का ते कळायला त्यात कागदाचा बोळा सैल कोंबा. दुसऱ्या दिवशी तो बाहेर ढकललेला असेल तर आत कुणीतरी आहे. बाहेरून येणाऱ्या वाटा बुजवणं आणि आतल्यांसाठी सापळे लावणं एकाच वेळी करा, नाहीतर आत अडकलेला उंदीर भिंतीतच मरतो.

धान्य आणि कोरडा खाऊ पत्र्याच्या, स्टीलच्या किंवा जाड काचेच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत. पोती जमिनीपासून फूटभर उंच आणि भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागे आडोसा राहत नाही आणि झाडूही फिरतो. प्राण्याची खाण्याची थाळी आणि पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे रात्री उचलायचे. कचऱ्याच्या डब्याला झाकण, आणि गळणारा नळ दुरुस्त: मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं. खोकी आणि रद्दीचे ढीग म्हणजे उंदरांना घरट्यासाठी आयता माल.

सापळा कोणता आणि कुठे लावायचा?

झटक्यात मारणारा, स्प्रिंगचा. तो स्वस्त, पुन्हा वापरता येणारा, विषाशिवायचा, आणि मेलेला उंदीर कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं. उंदीर मिशांनी भिंत चाचपत तिच्या कडेनेच धावतो. म्हणून सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे. खोलीच्या मधोमध ठेवलेला सापळा वाया. आमिष चिमूटभरच, चिकट किंवा दोऱ्याने बांधलेलं, नाहीतर तो अलगद काढून नेतो.

मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. त्यांच्यासाठी सापळा तीन-चार दिवस न ताणता, नुसतं आमिष घालून ठेवा. ते निर्धास्त खाऊ लागले की एकाच रात्री सगळे सापळे ताणा. संख्याही महत्त्वाची: एका सापळ्याने महिनाभर झुंजण्यापेक्षा सात-आठ सापळ्यांनी आठवड्यात काम संपतं. मुलं आणि प्राणी असतील तर सापळा बोटं शिरणार नाहीत अशा खोक्यात ठेवा. रोज सकाळी बघा.

जिवंत पकडणाऱ्या पिंजऱ्याबद्दल पुष्कळजण विचारतात. दया समजते, पण घाबरलेला उंदीर पिंजऱ्यात मुततो, पिसवा जिवंत राहतात, आणि सोडलेला उंदीर दुसऱ्या कुणाच्या घरात शिरतो.

आणि विष?

घरात शक्यतो नको. रक्त पातळ करणारी ब्रोमाडिओलोनसारखी विषं खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, तेही बहुधा भिंतीत, छतात, हात न पोचणाऱ्या जागी. मग आठवडाभर वास, माश्या, आणि अंग सोडून निघालेल्या पिसवा. झिंक फॉस्फाइड पोटात गेल्यावर फॉस्फिन वायू तयार होतो, त्याला उतारा नाही. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट तर घरात आणूच नये. ती पोटात गेलेलं मूल सुरुवातीला एक-दोन दिवस बरं दिसू शकतं आणि नंतर त्याचं यकृत निकामी होतं. कोणतंही उंदरांचं विष मुलाच्या तोंडात गेल्याची नुसती शंका असली, तरी लक्षणांची वाट न बघता वेष्टन हातात घेऊन लगेच दवाखाना गाठा.

विष वापरावंच लागलं तर कुलूपबंद पेटीत, प्रशिक्षित माणसाकडून, आणि पिसवांवर उपचार झाल्यानंतर.

चिकट पुठ्ठा, आवाजाचं यंत्र, डांबरगोळ्या?

चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन्‌तास जिवंत तडफडतो आणि त्या भीतीत मूत्र-विष्ठा टाकत राहतो. क्रूरही आहे आणि अस्वच्छही. अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात. २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असा इशारा दिला होता. डांबरगोळ्यांनी उंदीर जात नाहीत, आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र त्यातल्या नॅफ्थलीनने फुटू शकतात.

लेंड्या आणि घरटं कसं साफ करायचं?

झाडूला हात लावू नका. खोली बंद असेल तर दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे आणि मास्क घाला. घरगुती ब्लीचचं एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिश्रण ताजं करून लेंड्यांवर आणि डागांवर चिंब होईपर्यंत शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने किंवा फडक्याने टिपून दुहेरी पिशवीत बांधा. नंतर सगळी जागा पुन्हा त्याच पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड, फिनेल किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. हातमोजे काढण्याआधी मोज्यांसकट हात धुवा, काढल्यावर पुन्हा धुवा.

मेलेला उंदीर सापडला तर?

उघड्या हाताने, शेपटीला धरूनसुद्धा, उचलू नका. आधी पिसवांचं औषध किंवा ब्लीचचं पाणी त्याच्यावर आणि आसपास मारा, पाच मिनिटांनी पिशवी हातावर उलटी घालून उचला, बांधा, दुसऱ्या पिशवीत बांधा.

विष न घालता आणि काही कारण नसताना एकापाठोपाठ उंदीर मरून पडू लागले, तर गोष्ट वेगळी. ‘उंदीर पडायला लागले’ हे जुन्या माणसांच्या तोंडचे शब्द प्लेगचे होते. माणसांत ताप येण्याआधी उंदीर मरतात. अशा वेळी मेलेल्या उंदरांना हात न लावता ताबडतोब आरोग्य खात्याला कळवा. माणसं आजारी पडण्याआधी मिळालेला हा इशारा असू शकतो.

उंदीर चावला तर?

वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. धनुर्वाताची लस लागू शकते. लहान उंदरांपासून माणसाला रेबीज होणं जवळपास कधी आढळत नाही, पण निर्णय डॉक्टरांवर सोडा. जखम भरून आली तरी पुढचे दोन-तीन आठवडे ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ याकडे लक्ष ठेवा. उंदीर चावल्याने होणारा एक ताप जखम बरी दिसू लागल्यावरच डोकं वर काढतो, आणि वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकाने तो बरा होतो.

कोणता ताप आला तर लगेच धावायचं?

अचानक खूप ताप, थंडी आणि जांघेत, काखेत किंवा मानेला दुखरी गाठ: तासांचा हिशेब करा. गाठीच्या प्लेगमध्ये उपचार न मिळाल्यास ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात, लवकर प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक वाचतात. तापाबरोबर खोकल्यातून रक्त आणि धाप असेल तर रुग्णाला मास्क लावा, कारण फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो. ताप, पोटऱ्यांमध्ये असह्य दुखणं, लाल डोळे, पुढे कावीळ किंवा लघवी कमी होणं, हे लेप्टोचं चित्र. ताप, डोकेदुखी आणि पाच-सहा दिवसांनी धडावर पुरळ आलं तर टायफसचा विचार व्हायला हवा.

डॉक्टरांना एक वाक्य आपणहून सांगा: “घरात उंदीर आहेत, पिसवा चावल्या आहेत”, किंवा “साचलेल्या पाण्यातून चाललो होतो.” हे सगळे ताप पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात, आणि तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळण्याचा दुसरा मार्ग नाही. घरात उरलेल्या गोळ्या स्वतःच सुरू करू नका, अर्धवट औषधाने तपासणीत जंतू सापडेनासे होतात.

शेजारी काहीच करत नाहीत. आमच्या एकट्याने काय होणार?

तुमच्या घरापुरतं बरंच होतं, कारण फटी तुमच्या आहेत. पण सामाईक गटार, कचऱ्याची जागा, जिना आणि गच्चीवरची अडगळ एकट्याने हलत नाही. तुम्ही मारलेल्या उंदरांची जागा शेजारचे उंदीर थोड्याच आठवड्यांत भरून काढतात. शेजाऱ्यांशी बोलताना घाणीवरून दोष द्यायला गेलात की दार बंद होतं. मोरीची तुटलेली जाळी एकत्र बदलू या, किंवा फवारणी सगळ्या घरांत एकाच दिवशी करून घेऊ या, असं एखादं ठरावीक काम पुढे केलं तर लोक ऐकतात.

काम संपलं हे कधी समजायचं?

सगळ्या फटी बुजवल्या, सापळे लागलेले आहेत, आणि सलग दोन आठवडे सापळ्यात काही नाही, नवी लेंडी नाही, पावडरवर ठसा नाही, पांढऱ्या मोज्यांवर पिसू नाही, तर आतले उंदीर-पिसवा संपले असं धरा. सापळे मात्र भिंतीलगत राहू द्या आणि महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन ओट्याखाली, फ्रीजमागे आणि माळ्यावर नजर फिरवा. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं आणि थंडीत उंदीर ऊब शोधतात. या दोन्हींच्या तोंडावर फटींची तपासणी पुन्हा एकदा करायची.